बारा बाय दहाची खोली आणि आठ पाहुणे

प्रश्न : माझे यजमान रेल्वेत आहेत. भुसावळला तळमजल्यावरील दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये आम्ही दोघे आणि सासूबाई राहतो. बाहेरची खोली बारा बाय दहा फुटांची आहे, आत स्वयंपाकघर आणि मागे लहानसे अंगण. यजमानांच्या कार्यालयातील मंडळींना, दोन जोडपी धरून एकूण आठ जणांना, पुढच्या शनिवारी रात्री जेवायला बोलवायचे आहे. त्यांपैकी बहुतेकांची घरे आमच्यापेक्षा मोठी आहेत. गेल्या वर्षी सहा जणांना बोलावले होते, तेव्हा मी सगळा वेळ पुऱ्या तळत होते. बाहेरून हसण्याचे आवाज येत होते, आणि मी व सासूबाई साडेअकराला जेवलो. या वेळी मला मोकळी, गप्पांची संध्याकाळ हवी आहे. सासूबाई म्हणतात की बासुंदी-पुरी, दोन भाज्या, भजी, कढी आणि मसालेभात एवढे तरी पाहिजेच, नाहीतर ‘जेवाले बोलावलं अन् उपाशी धाडलं’ असे लोक म्हणतील. यजमान म्हणतात, हॉटेलातून शेवभाजी मागवून टाकू. एवढ्या माणसांना बसवू कुठे आणि करू काय? त्यांतल्या दोघांची त्या रात्री ड्युटी लागण्याचीही शक्यता आहे. — एक वाचक, भुसावळ

उत्तर : ताई, तुम्ही खोलीचे माप आधी लिहिले आणि पुऱ्यांची हकीकत नंतर. माझ्या मते हा क्रम उलटा असायला हवा होता. गेल्या वर्षीची संध्याकाळ बिघडली ती खोली बारा बाय दहाची होती म्हणून नव्हे, तर कढई शेवटपर्यंत चुलीवर राहिली म्हणून. मोठ्या बंगल्यात हीच पुरी केली असती तरी तुम्ही स्वयंपाकघरातच अडकला असता. फरक एवढाच, की तिथे बाहेरचे हसणे ऐकू आले नसते. लहान घरात ते भिंतीपलीकडून ऐकू येते आणि म्हणूनच जास्त लागते. तेव्हा पहिला निर्णय पदार्थांच्या संख्येचा करू नका. पाहुण्याने दारात पाऊल ठेवल्यावर तवा आणि कढई यांच्यापुढे कोणालाही उभे राहावे लागणार नाही, एवढा एकच निर्णय करा. मग काय करायचे आणि काय सोडायचे, हे बहुतांशी आपोआप ठरते.

गरम पुरीचा हिशेब एकदा मांडून पाहा. तुम्ही तिघे धरून अकरा माणसे, प्रत्येकी सहा पुऱ्या धरल्या तर सहासष्ट होतात. त्या फुगलेल्या आणि गरम वाढायच्या, तर एकीने लाटायच्या, दुसरीने तळायच्या आणि तिसऱ्याने पळत नेऊन वाढायच्या. म्हणजे घरातली तिन्ही माणसे कामाला लागली. मग पाहुण्यांशी बोलणार कोण? फुलके, डोसे, भजी यांचेही तेच. हे पदार्थ वाईट नाहीत. ते चार माणसांच्या घरच्या जेवणाचे आहेत, किंवा आचारी लावलेल्या लग्नाचे.

यजमानांच्या शेवभाजीबद्दल मात्र मला स्वतःची फजिती सांगितली पाहिजे. अनेक वर्षांपूर्वी धुळ्यात आम्ही दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहत असताना दहा जणांना शेवभाजीला बोलावले होते. रस्सा झकास झाला होता, तर्री वर आलेली होती, आणि आपण सगळे आधीच उरकले या आनंदात मी साडेसातला शेव रश्श्यात सोडून दिली. पाहुणे पावणेनऊला आले. झाकण काढले तेव्हा पातेल्यात शेव नव्हती, भाजीही नव्हती. तिखट पिठल्यासारखा एक तांबडा गोळा होता आणि डाव त्यात उभा राहत होता. त्या रात्री ताटात पाणी घालून तो गोळा सैल करणारे एक वयस्कर पाहुणे अजून डोळ्यांपुढे आहेत. शेव शेवटच्या क्षणी, प्रत्येकाच्या वाटीतच घालायची असते. हे ज्याला सांभाळता येईल त्याने शेवभाजी जरूर करावी, आणि हॉटेलातून मागवायची झाल्यास रस्सा व शेव वेगवेगळी बांधून घ्यावी. परंतु ज्या गावात तुम्ही राहता आणि ज्या महिन्यात हे पत्र आले आहे, ते पाहता डब्यातली शेवभाजी माझ्या मनाला येत नाही. आपल्याकडे हिवाळ्यात घरी माणसे बोलवायची तर भरीत करावे.

आता बसण्याचे. आठ माणसांचे जेवणाचे टेबल साधारण सात फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद असते, आणि खुर्ची मागे सरकवून माणूस उठायचा म्हणजे चारही बाजूंनी आणखी अडीच-तीन फूट मोकळे लागतात. तुमची खोली त्यातच संपली. उलट मांडी घालून बसलेल्या माणसाला रुंदीत सव्वादोन फूट पुरतात आणि ताटासकट पुढे पावणेचार फूट. बारा फुटांच्या दोन्ही भिंतींना पाठ लावून समोरासमोर दोन पंगती मांडल्या तर एकेका बाजूला पाच माणसे बसतात आणि मध्ये वाढण्यासाठी अडीच फुटांची वाट उरते. आपल्या जुन्या मंडळींनी पंगतीची रीत काही केवळ धर्म म्हणून पाळली नाही; एवढ्याशा ओसरीत एवढी माणसे दुसऱ्या कोणत्याही रीतीने बसत नाहीत. पाठीला भिंत मिळते, समोर माणसाचे तोंड दिसते आणि बोलणे सगळ्यांचे एक होते. सोफ्यावर तिघे, दिवाणावर दोघे आणि उरलेले प्लास्टिकच्या खुर्च्यांवर गुडघ्यांवर ताट सावरत बसलेले, अशी मांडणी केली की तीन वेगळ्या गप्पा सुरू होतात आणि कोपऱ्यातला माणूस मोबाईल काढतो.

म्हणून खोलीत भर घालू नका, खोली रिकामी करा. पलंग किंवा दिवाण असेल तर तो आदल्या दिवशीच उभा करून आतल्या खोलीत ठेवा किंवा शेजाऱ्यांकडे द्या. टीपॉय, शिलाई मशीन, कोपऱ्यातली वर्तमानपत्रांची रद्दी आणि ‘असू द्या, बाजूला आहे’ म्हणून राहिलेला कूलर हे सगळे हलवावे. सतरंजीवर धुतलेली चादर अंथरली की झाले. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांची मात्र आधी चौकशी करा आणि अंगणाच्या दाराजवळ दोन खुर्च्या व पुढे एक स्टूल ठेवा. एकालाच खुर्चीवर बसवले तर तो अवघडतो. दुसरी खुर्ची सासूबाईंना द्यावी, म्हणजे त्या पाहुण्याला सोबतही होते आणि त्यांचा मानही राहतो. दहा जण पंगतीत मावतात, तुम्ही अकरा आहात, त्यांतले दोघे खुर्चीवर. हिशेब बसतो.

आता भरिताकडे येऊ, कारण तुमच्या सगळ्या अडचणींचे उत्तर माझ्या मते तिथेच आहे. एक तर ते गार झाल्यावरही चांगले लागते. किंबहुना तासभर मुरलेले भरीत जास्त चांगले. दुसरे, ते अंगणात होते, त्यामुळे स्वयंपाकघर मोकळे राहते. तिसरे आणि मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे कारण असे, की भरीत करणे हाच कार्यक्रम होऊ शकतो. शेतातल्या भरीत पार्ट्यांना माणसे जेवणासाठी जातात तितकीच त्या जाळाभोवती उभे राहण्यासाठी जातात. आलेल्या पाहुण्याला खुर्ची देऊन ‘बसा’ म्हटले की तो बसतो आणि छताकडे पाहतो. त्याच्या हातात चिमटा देऊन ‘जरा हे वांगे उलटवा’ म्हटले की पाच मिनिटांत तो घरचा होतो.

वांगी साडेतीन किलो घ्या. भाजून सोलल्यावर वजन बरेच उतरते, तरी अकरा माणसांना पुरून थोडे उरेल. तुमच्यापासून बामणोद आणि असोदा ही दोन्ही गावे दूर नाहीत आणि तिकडची वांगी भुसावळच्या बाजारात येतात; मोठी, फिकट हिरवी, पांढरट रेघा असलेली, गराला भरपूर आणि बियांना कमी. हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने हलके लागेल ते घ्यावे, जड वांग्यात बिया निघतात. जांभळे वांगे घेऊ नका, त्याचे भरीत होते पण ते आपले नव्हे. जळगावच्या या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. मोठ्या घरांतल्या पाहुण्यांपुढे आपण काय ठेवणार, असा जो संकोच तुमच्या पत्रात डोकावतो, त्यावर मला एवढेच म्हणायचे आहे की बदलीने बाहेरून आलेल्या माणसाला मसालेभात कुठेही मिळतो, हे त्याला इथेच मिळते.

भाजण्यासाठी पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झाडांच्या, किंवा तुरीच्या काड्या मिळाल्या तर उत्तम. गावाकडून येणाऱ्या कोणालाही सांगितले तर तो एक भारा टाकून जातो. अंगण लहान आहे, म्हणून जाळ जमिनीवर पसरू देऊ नका. जुन्या लोखंडी घमेल्यात लहान जाळ करा, वर जाळी ठेवा आणि शेजारी पाण्याची भरलेली बादली ठेवा. वांग्याला दोन-चार ठिकाणी सुरीने टोचून तेलाचा हात लावावा, नाहीतर ते फुटून गर उडतो. एका खेपेला चार-पाच वांगी, पंधरा ते वीस मिनिटे, देठापाशी दाबून मऊ लागेपर्यंत. देठाजवळ कच्चे राहिले की भरितात दाताखाली कचकच येते, तेव्हा घाई करू नये. भाजलेली वांगी झाकणाच्या पातेल्यात दहा मिनिटे ठेवली की वाफेने साल सुटते. ती हाताने सोलावीत. पाण्याच्या धारेखाली धरू नयेत, कारण धुराचा जो वास आपण एवढ्या खटपटीने आणला तो मोरीत वाहून जातो. हे सोलण्याचे काम पाहुण्यांवर सोपवावे. बोटे भाजतात, काळी होतात आणि त्यावरून हसणे होते, ते होऊ द्यावे.

हिरव्या मिरच्या किलोला पन्नास-साठ ग्रॅम घेऊन त्याच विस्तवावर भाजा आणि लसणाबरोबर कुटा. इथे एक सूचना गांभीर्याने देतो. तुमच्या पाहुण्यांत परप्रांतातले कोणी असेल किंवा लहान मूल येणार असेल, तर मिरची घालण्याआधी ठेचलेल्या वांग्याचा एक मोठा वाडगा बाजूला काढा आणि त्यात नावापुरते तिखट घाला. आपल्याला जे बेताचे वाटते त्याने दुसऱ्याच्या डोळ्यांतून पाणी येते, आणि तो पाहुणा सभ्यपणे ‘छान आहे’ म्हणत उपाशी उठतो. सासूबाईंना ज्याची भीती वाटते ते खरे तर अशाने घडते, पदार्थ कमी पडल्याने क्वचितच. फोडणीत तेल सढळ हाताने, त्यात शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, मग चिरलेली कांद्याची पात आणि शेवटी वांगे, वरून कोथिंबीर. हळद नको, लाल तिखट नको, टोमॅटो तर मुळीच नको. भरीत हिरवे दिसले पाहिजे. पाहुण्यांत जैन कुटुंब असेल, तर मात्र हा सगळा बेतच चालणार नाही. वांगे, कांदा आणि लसूण तिन्ही वर्ज्य असतात. त्यांच्यासाठी वरण-बट्टी करावी आणि ती सगळ्यांनाच वाढावी, एकाच माणसाचे ताट वेगळे दिसू नये. चातुर्मासात वांगे सोडणारी मंडळी आपल्याकडे चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून मग ते खाऊ लागतात. चंपाषष्ठी होऊन गेली आहे, तेव्हा ती अडचण राहिलेली नाही. तरीही निमंत्रण देताना ‘वांगे चालते ना?’ असे सरळ विचारावे.

सोबत कळण्याची भाकरी. ज्वारीत चौथाई अख्खे काळे उडीद आणि थोडे मीठ घालून दळलेले पीठ घरात असेलच. नसल्यास गुरुवारपर्यंत दळून आणावे. उडदामुळे ही भाकरी तुटत नाही आणि गार झाल्यावरही वातड होत नाही, म्हणून ती आधी करून ठेवता येते. हे गरम पुरीला कधीच जमणार नाही. पंचवीस भाकरी लागतील. पाचला बसलात तर सव्वासहापर्यंत होतात आणि दोघी असाल तर त्याहून लवकर. भाकरी गरम असताना स्टीलच्या डब्यात भरू नका, वाफेने ओल्या होतात. टोपलीत सुती कापड घालून त्यात एकावर एक ठेवाव्यात आणि वरून तेच कापड दुमडावे. उडदाचे पापड दुपारीच भाजून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. कढी संध्याकाळी करून ठेवा, ती फक्त एकदा कोमट करायची आहे. मुळा, काकडी, कच्चा कांदा, शेंगदाण्याची चटणी. बाकी काही करू नका. भाकऱ्या करायला वेळ नसेल तर पोळीभाजी केंद्रातून किंवा ओळखीच्या बचत गटाकडून त्या आणवाव्यात, यात कमीपणा मुळीच नाही. हंगामात भाजलेले भरीतही विकत मिळते, परंतु ते आणले की अंगणातला तो एक तास हातचा जातो.

सासूबाईंची बासुंदी मात्र ठेवा. हे मी त्यांचे मन राखायचे म्हणून लिहीत नाही. बासुंदी आदल्या रात्री करता येते, गारच वाढायची असते आणि वाटीत ओतली की काम संपले. म्हणजे आपल्या कसोटीला ती उतरते. तीन लिटर म्हशीचे दूध निम्मे आटवले तर अकरा जणांना मोठी वाटी येते. तिखट भरितानंतर ती जी लागते ती एरवी लागत नाही. पुरी, भजी आणि मसालेभात यांना या वेळी रजा द्या. यावर सासूबाईंशी वाद घालून काही होणार नाही. त्यांना पदार्थांची यादी कमी झाली याचे दुःख नाही. आपल्या घरात आलेल्या माणसाची सरबराई आपल्या हातून नीट व्हावी, ही त्यांची इच्छा आहे आणि ती रास्त आहे. त्यांना तशी जागा द्या. भाजलेली वांगी बडजीत, म्हणजे भरीत ठेचायच्या लाकडी भांड्यात, ठेचण्याचे काम त्यांचे, तेही आत नव्हे, अंगणात सगळ्यांसमोर. किती ठेचायचे, मिरची किती, मीठ केव्हा, हे त्या सांगतील आणि तुमच्या यजमानांच्या कार्यालयातली मंडळी ऐकतील. गेल्या वर्षी साडेअकराला तुमच्याबरोबर मागाहून जेवलेली बाई या वर्षी समारंभाच्या मधोमध बसलेली असेल. मला वाटते, मसालेभाताची आठवण त्यांना फारशी होणार नाही.

तुमच्या यजमानांविषयी तुम्ही पत्रात एकच वाक्य लिहिले आहे आणि तेही हॉटेलासंबंधी. पाहुणे त्यांचे आहेत, म्हणून थोडे स्पष्ट लिहितो. जाळ लावणे, वांगी भाजणे आणि दोन्ही पंगतींत भाकरी फिरवणे ही कामे त्यांची. जाळापाशी उभ्या असलेल्या यजमानाभोवती पुरुषमंडळी आपोआप जमतात आणि आपोआप हात लावतात. तोच माणूस खुर्चीत बसून ‘अगं, पाणी आण’ म्हणाला की बाकीचे आठही जण खुर्चीतच बसून राहतात. हे त्यांना आजच वाचायला द्या, शनिवारी सांगू नका.

वाढण्याची पद्धतही थोडी बदला. मधल्या अडीच फुटांत भरिताची दोन भांडी, चटणी, कोशिंबिरीचे ताट आणि पाण्याचे दोन तांबे ठेवून द्या, म्हणजे ज्याला जे हवे ते तो घेतो. भाकरी एकदा फिरवली की तुम्हीही पंगतीत बसा. आग्रह एकदाच करावा. दुसऱ्यांदा केलेला आग्रह पाहुण्याच्या पोटापेक्षा आपल्याच समाधानासाठी असतो, आणि लहान खोलीत त्याला पळायलाही जागा नसते. ताटांऐवजी केळीची पाने घ्यावीत का, असा विचार तुमच्या मनात येईल, कारण आपल्या जिल्ह्यात पानाला तोटा नाही. भरीत, भाकरी, चटणी यांना पान उत्तम, आणि जेवणानंतर मोरीत अकरा ताटांचा ढीग पडत नाही, हा लहान घरात मोठाच फायदा आहे. कढी आणि बासुंदी मात्र वाटीतच द्या. पान विस्तवावरून हलकेच फिरवून घेतले तर चिरत नाही. मांडताना त्याचे टोक जेवणाऱ्याच्या डावीकडे येऊ द्या, हे सासूबाई पाहतीलच.

वेळ स्पष्ट सांगा. ‘संध्याकाळी या’ या निमंत्रणाचा अर्थ एक जण साडेसहा असा घेतो आणि दुसरा नऊ असा. ‘पावणेसातला जाळ लागेल, सव्वाआठला पाने मांडू’ असे कळवा. दोन खेपांत भाजायला चाळीस-पंचेचाळीस मिनिटे, निववून सोलायला पंधरा-वीस, ठेचून फोडणी द्यायला वीस, असा तो दीड तास भरतो. उशिरा येणाऱ्याचे नुकसान होत नाही, कारण भरीत वाट पाहू शकते. तेवढ्या वेळात भूक लागते, म्हणून अंगणात भाजलेल्या शेंगा आणि गुळाचे खडे ठेवा. चिवडा, वेफर्स आणि समोसे ठेवले तर जेवण उरते.

काही किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी लहान घरात किरकोळ राहत नाहीत. आपल्याकडे नळाला रोज पाणी येतेच असे नाही. शुक्रवारीच पिंप भरून घ्या आणि न्हाणीघरात भरलेली बादली, मग, साबण व कोरडा नॅपकिन ठेवा. दोरीवरचे कपडे उतरवा. अकरा माणसांच्या चपला दारातच साचल्या की बाहेर जाणारा अडखळतो, त्यांसाठी पायरीच्या बाजूला एक जुनी चादर अंथरा. शेजाऱ्यांना धुराची आणि आवाजाची कल्पना आधी द्या, त्यांचे धुणे वाळत असेल तर त्यांना वेळीच काढता येईल. दुसऱ्या दिवशी वाटीभर भरीत पाठवले की पुढच्या वेळचीही सोय होते. स्वस्थ बसलेल्या एका माणसाच्या अंगातून साधारण शंभर वॅट उष्णता बाहेर पडते, म्हणजे अकरा माणसे खोलीत बसली की एक हीटर लावल्यासारखेच झाले. थंडीत ही ऊब बरी वाटते, तरी एक खिडकी उघडी राहू द्या. हाच बेत पंचेचाळीस अंशांच्या मे महिन्यात मला विचारला असता, तर मी तुम्हाला घरात कोणालाही बोलावू दिले नसते, गच्चीवर खिचडी-कढी करायला सांगितली असती.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगतो. जेवणानंतर गारठा वाढला की कोणीतरी हौशी माणूस विस्तवाचे घमेले उचलून आत आणायला निघतो. ते आणू देऊ नका. धुमसत्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो, त्याला रंग नसतो आणि वासही नसतो, आणि दारे-खिडक्या लावलेल्या लहान खोलीत तो जिवावर बेततो. शेकायचे असेल तर सगळ्यांनी अंगणात जावे, आणि शेवटचा पाहुणा गेल्यावर निखाऱ्यांवर पाणी ओतूनच दार लावावे.

ज्या दोघांची ड्युटी लागण्याची शक्यता आहे, त्यांना ‘पुढच्या वेळी नक्की’ असे म्हणून सोडू नका. ड्युटी लागलीच तर पंगत बसण्याआधीच त्यांच्यासाठी भरीत, चार-चार भाकऱ्या आणि कांदा असे दोन डबे बांधून बाजूला ठेवा. पंगत उठल्यावर बांधायचे ठरवले तर उरलेसुरले जाते आणि ते डबा उघडताच कळते. पाहुण्यांपैकी जो त्या बाजूने परतणार असेल त्याच्या हाती ते द्या. बासुंदी त्यात घालू नका, ती रस्त्यात सांडते. तिची वाटी फ्रिजमध्ये झाकून ठेवा आणि रविवारी त्यांना घरीच बोलवा.